पाठबळाची सरासरी ४.१, मग अभ्यास का थांबतात?

प्रश्न : मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापक असलेल्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. महाविद्यालयाच्या संशोधन कक्षाकडे अधिष्ठातांनी एक काम सोपवले होते : ट्रान्सलेशनल संशोधनाला, म्हणजे प्रयोगशाळेतील शोध रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणाऱ्या संशोधनाला, आपली संस्था कितपत पाठबळ देते हे मोजून दाखवा. या भगिनींनी परदेशी संस्थांसाठी तयार झालेली ३८ विधानांची इंग्रजी प्रश्नावली घेतली आणि गूगल फॉर्मवर सर्वांना पाठवली. सुमारे एक तृतीयांश लोकांनी ती भरली. सरासरी ५ पैकी ४.१ आली आणि क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा गुणांक, ०.९४ निघाला. अधिष्ठाता समाधानी आहेत आणि हा आकडा वार्षिक अहवालात घालावा असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र या भगिनींचा स्वतःचा अभ्यास वर्षभर बंद पडला आहे. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णांच्या रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) पातळीवरून कोणाला व्हेंटिलेटर लागेल याचा अंदाज बांधण्याचा तो अभ्यास होता. शेजारच्या विभागांतही असे अर्धवट अभ्यास आहेत. त्या लिहितात, ‘संस्था संशोधनाला प्रोत्साहन देते या विधानापुढे मीसुद्धा सहमत असेच नोंदवले. आता हा आकडा देऊ की हे सर्वेक्षण फसले असे सांगू? आणि दोष लोकांच्या अनास्थेचा आहे, हे वरिष्ठांचे म्हणणे मान्य करू का?’

उत्तर :

आकडा द्या, पण तो एकटा देऊ नका. आकडा खरा की खोटा, अशी मांडणी तुमच्या पत्रात आहे आणि तिथेच थोडे थांबून पाहायला हवे. तुम्ही ‘सहमत’ नोंदवले ते घाबरून किंवा कोणाला बरे वाटावे म्हणून नोंदवले, असे मला वाटत नाही. तुमचे अधिष्ठाता संशोधनाबद्दल आस्थेने बोलतात, शोधनिबंध प्रसिद्ध झाला की वार्षिक कार्यक्रमात सत्कार करतात, कार्यशाळेला जायला परवानगी देतात. हे प्रोत्साहनच आहे आणि विधानही प्रोत्साहनाबद्दलच होते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिलेत. मात्र अभ्यास कशामुळे थांबला हे त्या विधानाने विचारलेच नव्हते. म्हणून ४.१ हा आकडा फसलेला नाही. तो एका वेगळ्या गोष्टीचा आहे : संस्थेविषयी लोकांच्या मनात सद्भावना किती आहे, याचा.

संस्था आपली कदर करते असे कर्मचाऱ्याला किती वाटते, हे मोजण्याची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्यासाठी ३६ विधानांची मोजपट्टी मांडली आणि पुढे अनेक प्रश्नावल्या त्या धाटणीवर बेतल्या गेल्या. ती मोजपट्टी तिच्या कामापुरती चांगलीच आहे. पण कदर होणे आणि काम पुढे सरकण्याइतकी मदत हाती पडणे यांत अंतर असते, आणि शासकीय रुग्णालयात ते अंतर फार मोठे असू शकते. तुम्ही घेतलेली प्रश्नावली तर ज्या संस्थांसाठी घडली, तिथे संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला, नियामक परवानग्यांसाठी मदत करणारा कक्ष आणि छोटा प्रारंभिक निधी या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. अमेरिकेत एनआयएच या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने २००६ पासून अशा सोयी एका छताखाली आणण्याचा मोठा कार्यक्रम चालवला आहे. तिथे ‘संख्याशास्त्रीय सल्लासेवेबाबत मी समाधानी आहे’ या विधानाला अर्थ आहे. जिथे ती सेवाच नाही तिथे माणूस काय नोंदवणार? बहुतेक जण मधला पर्याय निवडतात, काही जण समजूतदारपणे ‘सहमत’ म्हणतात. तुमच्या फॉर्ममध्ये ‘ही सोय आपल्याकडे नाही’ असा पर्याय होता का, ते एकदा तपासा. नसेल तर सोयीचा अभाव सरासरीत विरघळून गेला आहे.

तेव्हा पहिला बदल प्रश्नांच्या जातीत करावा लागेल. मत विचारण्याआधी घडलेली गोष्ट विचारा. ‘संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो’ याऐवजी ‘गेल्या चार आठवड्यांत ओपीडी, वॉर्ड, तास आणि परीक्षा यांखेरीज संशोधनासाठी सलग दोन तास किती वेळा मिळाले?’ असे विचारता येईल. ‘खरेदी प्रक्रिया सुलभ आहे’ याऐवजी ‘शेवटचे मागवलेले किट मागणीपत्रानंतर किती दिवसांनी हाती आले आणि तेव्हा त्याची मुदत किती उरली होती?’ असे विचारा. ‘विभागांमध्ये सहकार्य आहे’ हे विधान काढून टाका आणि विचारा की दुसऱ्या विभागाचा नमुना किंवा माहिती मिळाली नाही म्हणून गेल्या वर्षात काम अडले का. अशा प्रश्नाला सद्भावनेतून उत्तर देता येत नाही. आठवून द्यावे लागते, आणि पडताळताही येते.

याहूनही आधी एक काम करावे, ज्याला फॉर्म लागत नाही. संस्थेकडे स्वतःची मोजपट्टी आयतीच पडून आहे आणि ती म्हणजे आवक-जावक नोंदवही. गेल्या तीन वर्षांत नैतिकता समितीकडे, म्हणजे माणसांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे, आलेल्या प्रस्तावांपैकी आठ-दहा निवडा. त्यांत पूर्ण झालेले असावेत आणि बंद पडलेलेही असावेत. प्रत्येकासाठी एका कागदावर तारखा लिहीत जा : प्रस्ताव विभागप्रमुखांकडे कधी दिला, वैज्ञानिक छाननी कधी झाली, नैतिकता समितीसमोर कधी आला, शंका काय निघाल्या, मंजुरी कधी मिळाली, निधीचा हप्ता कधी जमा झाला, टिपणी कोणाकडे किती दिवस राहिली, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मागणी कधी नोंदवली, साहित्य कधी आले, पहिला नमुना कधी घेतला, शेवटचा कधी. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे : या अभ्यासामुळे एखाद्या वॉर्डात किंवा प्रयोगशाळेत काही करण्याची पद्धत बदलली का? बहुतेक कागदांवर ही जागा कोरी राहील आणि ते वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पण ती जागा कागदावर असलीच पाहिजे, कारण ट्रान्सलेशनल हे विशेषण तिच्यामुळेच सार्थ होते. शोधनिबंध छापून आला इथेच मोजणी थांबवली तर आपण साधे प्रकाशन मोजत राहू.

हे दहा कागद शेजारी ठेवले की रुंद फटी डोळ्यांना दिसतात. कदाचित असे निघेल की नैतिकता समितीवर सगळे उगाच चिडतात, खरा वेळ मंजुरी आणि किट यांच्यामध्ये जातो. किंवा असे निघेल की समितीची बैठक पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाते, कारण किमान उपस्थिती भरत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार समिती ७ ते १५ सदस्यांची असावी लागते आणि बैठकीला निदान ५ सदस्य लागतात, त्यांत बाहेरचे आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सदस्यही हवेत. तालुक्याच्या किंवा लहान जिल्ह्याच्या गावी बाहेरचा कायदेतज्ज्ञ वेळेवर मिळणे किती कठीण असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मग उपाय वर्षभराच्या बैठकांच्या तारखा जानेवारीतच ठरवण्याचा आणि पर्यायी सदस्य नेमून ठेवण्याचा आहे. लोकांना प्रेरणा देणारे व्याख्यान ठेवल्याने ती अडचण सुटणार नाही.

तुमच्याच अभ्यासाचा कागद पहिला भरा, असे मी आग्रहाने सांगेन. पत्रात तुम्ही तीन कारणे ओझरती लिहिली आहेत : किट उशिरा आले, मेडिसिनमधला निवासी डॉक्टर शिक्षण संपवून निघून गेला, आणि रात्री दाखल झालेल्या रुग्णांचे नमुने ठरलेल्या तासांना घेतले गेले नाहीत. या तिन्ही गोष्टींना ‘पाठबळाचा अभाव’ असे एकच नाव देऊ नका. पहिली खरेदीची आहे आणि ती कार्यालयाच्या हातात आहे. दुसरी हस्तांतराची आहे. निवासी डॉक्टर तीन वर्षांनी जाणारच असतो, त्यामुळे अभ्यास त्याच्यावर उभा असेल तर तो जाण्याच्या सहा महिने आधी दुसऱ्याच्या हाती सोपवला गेला पाहिजे, आणि याची जबाबदारी दोन विभागप्रमुखांची आहे. तिसरी तर निव्वळ रात्रपाळीतल्या तंत्रज्ञाची आणि परिचारिकेची आहे. विषबाधेचे रुग्ण खेड्यापाड्यांतून रात्री-अपरात्री येतात. त्या वेळी कॅज्युअल्टीत ज्याच्या हातात सिरिंज आहे त्याला हा अभ्यास काय आहे, नमुना कुठे ठेवायचा, सेंट्रिफ्यूज रात्री कोण चालवणार, हे ठाऊक होते का? तुमची प्रश्नावली त्या माणसापर्यंत गेलीच नसावी असे मला पत्रावरून वाटते. ती अध्यापकांना गेली, इंग्रजीत गेली आणि ईमेलवर गेली.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण सगळी शिते वरच्या थरातली घेतली तर तळाचे काही कळत नाही. एक तृतीयांश लोकांनी उत्तरे दिली आणि उरलेल्यांना अनास्था आहे, हा निष्कर्ष मी तरी काढणार नाही. ज्याचा अभ्यास बंद पडला आहे त्याला ‘तुमच्या संशोधनाला मिळणाऱ्या पाठबळाबद्दल’ विचारणारा फॉर्म आपल्यासाठी नाही असे वाटते. ज्याने प्रस्तावच दिला नाही तो तर तो उघडतही नाही. म्हणजे ज्यांना पाठबळ सर्वांत कमी मिळाले तेच गाळले गेले आणि सरासरी वर चढली, असे होण्याची दाट शक्यता आहे. उत्तर न देणाऱ्यांपैकी सात-आठ जणांशी चहाच्या वेळी समोरासमोर बोला. तिथे तक्ता, गुण काही नको. ‘गेल्या तीन वर्षांत एखादी कल्पना मनात आली आणि सोडून दिली, असे झाले का? का सोडली?’ एवढेच विचारा आणि ऐका.

अल्फाबद्दलही एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्याकडे फार पसरलेला आहे. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणांक विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात एवढेच सांगतो. ती विधाने योग्य गोष्ट मोजतात की नाही, याबद्दल तो गप्प असतो. विधानांची संख्या वाढली की तोही वाढतो आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली तरी वाढतो. ३८ विधानांवर ०.९४ आला म्हणजे कदाचित लोकांनी पहिली पाच वाचली आणि पुढे त्याच रकान्यात खुणा करत गेले. कच्ची माहिती उघडून पाहा. किती जणांनी सगळीकडे एकच पर्याय निवडला आहे, हे मोजायला फार वेळ लागणार नाही. घटक विश्लेषण, म्हणजे एकमेकांशी जुळणारी विधाने गटांत पाडण्याची संख्याशास्त्रीय पद्धत, करण्याचा मोह होत असेल तर तो आवरा. प्रत्येक विधानामागे निदान पाच ते दहा उत्तरे हवीत, असा साधारण ठोकताळा आहे. एवढ्या थोड्या उत्तरांवर निघालेले घटक पुढच्या वेळी वेगळेच निघतील.

अधिष्ठातांनी दिलेले एक उदाहरणही तुम्ही कळवले आहे. आपल्याच जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून विंचूदंशावर काम केले, १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, मग आपल्याकडे एवढी मोठी संस्था असताना लोक काम का करत नाहीत, असा त्यांचा सवाल आहे. या उदाहरणाचा मला अतिशय आदर आहे. खाटेशेजारी बसून लक्षणे टिपणे, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून पाहणे आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याची प्रतिविषासह यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध होणे, हा रुग्णापासून निघून पुन्हा रुग्णापाशी येणाऱ्या संशोधनाचा आपल्या मातीतला फार मोठा पाठ आहे. पण त्यातून पाठबळ लागत नाही असा अर्थ काढला तर आपण त्याच काळात तशाच आरोग्य केंद्रांत काम केलेल्या आणि निरीक्षणे वहीतच राहून गेलेल्या डॉक्टरांना विसरतो. त्यांची यादी कोणाकडेच नाही. असामान्य जिद्द असलेला माणूस आधाराशिवाय पोहोचतो. संस्थेची मोजणी साधारण जिद्दीच्या, घरी लहान मूल असलेल्या, आठवड्याला दोन इमर्जन्सी ड्युटी करणाऱ्या माणसावरून करायची असते. अधिष्ठातांशी बोलताना हे उदाहरण खोडून काढू नका. महाडच्या त्या डॉक्टरांचे जे काम एकट्याने इतकी वर्षे चालले, ते आपल्याकडे दोन वर्षांत व्हायचे तर काय लागेल, असे विचारा.

आता भीतीबद्दल. तुम्ही ईमेल पत्ता नोंदवणारा फॉर्म वापरला असेल तर ‘गोपनीय’ या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसेल. सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) लिहिणारी व्यक्ती आणि सर्वेक्षणाचा निकाल पाहणारी व्यक्ती एकच असेल आणि डोक्यावर बदलीची टांगती तलवार असेल, तर कनिष्ठ अध्यापक ‘असहमत’ का म्हणेल? आयसीएमआरच्या त्याच मार्गदर्शक सूचना वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि कर्मचारी यांना अधिकाराच्या उतरंडीत असल्यामुळे असुरक्षित गटात धरतात, हे ध्यानात घ्या. म्हणून हे सर्वेक्षणही नैतिकता समितीपुढे ठेवा. ‘घरचेच तर आहे’ म्हणून ते टाळू नका. ईमेल नोंदवणे बंद ठेवा. विभाग, पद, लिंग आणि सेवेची वर्षे हे चारही विचारले तर लहान विभागात माणूस लगेच ओळखू येतो, तेव्हा त्यातले एक किंवा दोनच विचारा. ज्या गटात पाचपेक्षा कमी उत्तरे आहेत त्याचा निकाल वेगळा दाखवू नका. जमल्यास कच्ची माहिती दुसऱ्या महाविद्यालयातील एखाद्या जनऔषधवैद्यकशास्त्राच्या (कम्युनिटी मेडिसिनच्या) सहकाऱ्याकडे ठेवा आणि तुमच्या संस्थेकडे फक्त एकत्रित तक्ते येऊ द्या.

नवा फॉर्म बारा ते पंधरा प्रश्नांचा पुरे आहे. तंत्रज्ञ, परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक यांच्यासाठी तो मराठीत असावा आणि तो पाठवण्यापूर्वी पाच-सहा जणांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला आणि काय समजले ते सांगायला लावा. ‘आपले वरिष्ठ’ असा उल्लेख असेल तर तंत्रज्ञ विभागप्रमुखांचा विचार करतो, विभागप्रमुख अधिष्ठातांचा करतात आणि अधिष्ठाता मुंबईच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचा. अशा एका शब्दाने तीन वेगळ्या गोष्टींची सरासरी काढली जाते. नाव घेऊनच विचारा : विभागप्रमुख, कार्यालय, अधिष्ठाता.

निकाल मांडताना एकच सरासरी देऊ नका. एका विभागात सगळे ५ म्हणत असतील आणि दुसऱ्यात २, तर ३.५ ही कोणाचीच परिस्थिती नाही. उत्तरे एका विभागात एकसारखी आहेत की विखुरलेली आहेत, हे पाहण्यात जास्त अर्थ आहे. एकसारखी असतील तर ती त्या विभागाची रीत आहे, विखुरलेली असतील तर पाठबळ माणूस पाहून मिळते आहे. दुसरी परिस्थिती अधिक काळजीची असते.

अधिष्ठातांना काय सांगावे, हा तुमचा खरा पेच आहे. दोन पानांची टिपणी ठेवा. पहिल्या पानावर ४.१ चा आकडा, किती जणांना फॉर्म गेला, किती जणांनी भरला, कोणाला गेलाच नाही, आणि यावरून संस्थेविषयीची आपुलकी दिसते, अडथळे दिसत नाहीत, हे सरळ शब्दांत. वार्षिक अहवालात आकडा छापायचा असेल तर या दोन ओळींसह छापावा, अशी विनंती त्यातच करा. दुसऱ्या पानावर दहा फाइलींच्या तारखा, व्यक्तींची नावे न घेता. त्या तारखांवर वाद घालता येत नाही आणि त्यांत कोणाच्या निष्ठेवर शंकाही नाही. तक्रार म्हणून नेलेली गोष्ट आणि तारखा म्हणून नेलेली गोष्ट यांना कार्यालयात फार वेगळा प्रतिसाद मिळतो. मग एकच मागणी करा, जी अधिष्ठातांच्या अधिकारात आहे आणि जिला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही : आठवड्यातून एक दुपार वेळापत्रकात लिहून दिलेली, किंवा संशोधनाच्या मागण्यांसाठी कार्यालयात नेमलेला एक लिपिक, किंवा रात्रपाळीत नमुने सांभाळण्याची लेखी सूचना. पुढचा फॉर्म पाठवण्यापूर्वी या मागणीवर त्यांचा होकार घ्या आणि फॉर्मच्या पहिल्याच ओळीत तो लिहा. मागच्या वेळी सांगितल्याचे काय झाले हे दिसले नाही तर लोक दुसऱ्यांदा खरे सांगत नाहीत.

तुमचा अभ्यासही या सगळ्यासाठी थांबवून ठेवू नका. नमुन्यांच्या वेळा कमी करता येतील का, दाखल होताना आणि २४ तासांनी एवढेच पुरेल का, हे मेडिसिनच्या सहकाऱ्यांशी बोलून ठरवा. आराखडा बदलला तर सुधारित प्रस्ताव समितीकडे पुन्हा द्यावा लागेल, तो विसरू नका. तुमच्या महाविद्यालयात आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतून मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट मिळालेले असेल तर तिथल्या तंत्रज्ञाची आणि फ्रीझरची मदत मागा. अशी युनिट्स नेमकी याच कामासाठी आहेत.

हेच प्रश्न छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील आणि अलीकडे सुरू झालेल्या धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथील महाविद्यालयांतल्या वाचकांनाही पडत असणार. एका संस्थेत मोजपट्टी तपासण्याइतकी उत्तरे जमत नाहीत, तेव्हा दोन-तीन महाविद्यालयांनी तोच मराठी फॉर्म, तेच शब्द आणि तीच फाइलींच्या तारखांची पद्धत वापरली तर निदान काही विश्वासार्ह हाती लागेल. खाजगी, दंत आणि आयुर्वेद महाविद्यालयांनाही तारखांचा भाग जसाच्या तसा वापरता येईल. सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या की यातून महाविद्यालयांची क्रमवारी लावली जाणार नाही आणि निकाल तपासणीच्या कागदपत्रांत जोडला जाणार नाही. क्रमवारी लागणार असे कळले की फॉर्म भरण्याआधी सूचना निघतील आणि पुन्हा सगळीकडे ४.१ येईल.